काटा खाली आला तेव्हा

१९९६ च्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाटात आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीला जाऊन भिडला. गाडी मी चालवत होतो. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील. पुढचे वळण संपल्यावर बाजूला घ्यावी असे मनात येते न येते तोच काटा झरझर उतरला आणि पार तळाला जाऊन बसला. अण्णा म्हणाले, "उतरला बघ. चल आता." मलाही हायसे वाटले. मी गाडी तशीच वर काढली. चार-पाच मिनिटांत इंजिनातून खडखड ऐकू आली, मग करपल्याचा वास आला आणि गाडी जी बंद पडली ती कायमची.

खालचा होज पाइप फाटून सगळे पाणी रस्त्यावर सांडून गेले होते. हेड वाकले होते, पिस्टन सिलिंडरला धरले होते. अण्णांनी फंडातून पैसे काढून ती गाडी घेतली होती, तीही जुनी. मिस्त्रीने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला, तेव्हा ती भंगारात दिली. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुढे कितीतरी दिवस जेवताना मध्येच विचारायचे, "काटा तर खाली आला होता ना रे?"

माझे शिक्षण बारावी कॉमर्स. पुढची सगळी वर्षे स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर गेली. या विषयातले माझे वाचन म्हणजे पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किलोवर मिळणारी सर्व्हिस मॅन्युअल आणि पुढे रात्री जागून वाचलेली जुनी परदेशी मासिके. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला मी या वाटेला लागलो. उत्तर लवकरच मिळाले, वाट मात्र सुटली नाही.

उत्तर साधे होते. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी निघून गेले की त्याच्याभोवती उरते ती पोकळी. इंजिन भट्टीसारखे तापलेले असते, पण सेन्सर त्या पोकळीतली हवा आणि विरळ वाफ मोजत बसतो. काटा खोटे बोलला नव्हता. त्याला जे लागत होते तेच तो सांगत होता. चुकीचा अर्थ आम्ही लावला.

गाडीत वरून मीटर बसवण्याचा इतिहास नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो, हे मला फार उशिरा कळले.

फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, दीड कोटीहून अधिक. तिच्या डॅशबोर्डवर बघण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. पेट्रोल किती आहे ते पाहायला सीट उचलून टाकीत काठी बुडवायची. ऑइल पाहायला गाडीखाली वाकून दोन छोट्या तोट्या उघडायच्या: वरच्या तोटीतून आले तर भरपूर, खालच्या तोटीतूनही आले नाही तर धोका. १९१९ मध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला तेव्हा कुठे एक अँपिअर मीटर मिळाला. आणि पाणी? सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर त्यात वॉटर पंपही नव्हता. गरम पाणी आपसूक वर चढते, थंड खाली येते, एवढ्या भरवशावर ते फिरायचे. पाणी थोडे कमी झाले की फिरणेच थांबे. मालकाला ते कळायचे रेडिएटरच्या तोंडातून वाफेचा फवारा उडाल्यावर.

या उणिवेवर अमेरिकेत एक मोठा बाजार उभा राहिला. सीअर्स रोबकसारख्या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगमध्ये फोर्डला लावायच्या वस्तूंची रेलचेल असे. त्यातली सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे बॉईस मोटोमीटर. हॅरिसन बॉईस याने १९१०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात आणली. रेडिएटरच्या झाकणावर उभी राहणारी काचेची गोल चकती, तिच्या मध्ये थर्मामीटरसारखी नळी आणि नळीत लाल द्रव. ड्रायव्हरने बॉनेटवरून समोर बघायचे. लाल रेघ कुठवर आली आहे ते बसल्या जागेवरून दिसे.

मला यातला खरा चातुर्याचा भाग वाटतो तो असा, की मोटोमीटरची खालची घुंडी पाण्यात बुडत नसे, ती पाण्याच्या वर, वाफेच्या जागेत लटकत असे. आधी मला हे निष्काळजीपणाचे वाटले. मग लक्षात आले, की त्या गाडीत पाणी कमी होऊन फिरणे थांबले तरी उकळी फुटल्यावर वाफ वरच येणार आणि घुंडीला भिडणार. म्हणजे आमच्या काट्याने जिथे आम्हाला फसवले, तिथे हा ऐंशी वर्षांपूर्वीचा बाहुला ओरडला असता. अर्थात रात्रीच्या अंधारात तो वाचता येत नसे, हे निराळे.

१९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडू लागली, पण अमेरिकन गाड्या आपल्याकडे त्याआधीपासूनच होत्या. त्यांच्यासोबत आलेला एक मोटोमीटर मला जुन्या बाजारात पितळी घंटा आणि कुलपांच्या ढिगात सापडला. काच तडकलेली, पण लाल द्रव शाबूत. घरी आणून पातेल्यातल्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरला. साताऱ्याच्या उंचीवर पाणी शंभर अंशांना नाही, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळते. रेघ हळूहळू चढत वर जाऊन थांबली. आई विचारत होती, यात काय शिजतेय.

पुढे मीटर बॉनेटवरून डॅशबोर्डवर आले. त्यामागची युक्ती फ्रान्समधल्या यूजेन बूर्दों याच्या १८४९ च्या पेटंटची. चपटी नळी वाकवून तिच्यात दाब सोडला की ती सरळ होऊ पाहते. जत्रेतली फुंकल्यावर उलगडणारी कागदी पिपाणी आठवावी. बाष्पयंत्रांसाठी शोधलेल्या या नळीने पुढे मोटारीचा ऑइलचा दाब मोजला. तापमानाच्या मीटरमध्येही तीच नळी असते: इंजिनात एक घुंडी, तिच्यात चटकन वाफ होणारा ईथर, आणि घुंडीपासून मीटरपर्यंत केसाएवढ्या छिद्राची तांब्याची बंद नळी. ही नळी म्हणजे तार नव्हे. मी पहिला चांगला मीटर बसवायला दिला तेव्हा गॅरेजमधल्या पोराने "लई लांब तार दिलीय" म्हणत पक्कडीने जास्तीची कापून टाकली. सुस्स असा आवाज आला आणि माझा दीड महिन्याचा पगार हवेत गेला.

त्यानंतर आला दिवा. अमेरिकेतल्या हडसन कंपनीने १९३०च्या दशकात ऑइल आणि जनरेटरच्या मीटरऐवजी लाल दिवे दिले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इतरांनीही ते उचलले. स्वस्त, आणि घाबरट गिऱ्हाइकाला सोयीचे. तिथल्या मिस्त्री लोकांनी त्याला नाव ठेवले 'इडियट लाइट'. हे नाव मला अन्यायाचे वाटते, कारण रस्त्यावर नजर असलेल्या माणसाला काट्यापेक्षा दिवा लवकर दिसतो. तक्रार वेगळी आहे. ऑइलचा दिवा साधारणपणे दाब पाच पौंडांच्या आसपास उतरल्यावरच पेटतो. इंजिन रिकामे फिरत असताना एवढा दाब चालून जाईल. पण अमेरिकन मिस्त्रींचा जुना ठोकताळा दर हजार फेऱ्यांना दहा पौंडांचा आहे. तीन हजार फेऱ्यांवर दाब तिसाचा बारा झाला तर बेअरिंगे खायला सुरुवात होते आणि दिवा तोवर विझलेलाच असतो.

दिव्याने निदान आपण आकडा सांगतो असा दावा केला नव्हता. पुढची पायरी मला जास्त खटकते. माझदाच्या मिआटा या छोट्या गाडीत सुरुवातीला ऑइलच्या दाबाचा खरा मीटर होता. १९९५ पासून काटा, आकडे, काच सगळे तसेच ठेवून आत फक्त एक बटण बसवले. दाब पाच-सात पौंडांच्या वर असला की काटा मधोमध, नाहीतर शून्यावर. म्हणजे काट्याचा वेश घेतलेला दिवा. फोर्डनेही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच केले. पाण्याच्या काट्यांचीही तीच गत. आजच्या बऱ्याच गाड्यांत तापमान साधारण ७५ पासून ११० अंशांपर्यंत कितीही हलले तरी काटा मधोमध गोंदवल्यासारखा राहतो. त्यात कारस्थान नाही. घाटात काटा जरा वर सरकला की गिऱ्हाईक गाडी घेऊन शोरूममध्ये हजर होते, काटा हलला नाही तर येत नाही. गंमत अशी, की गाडीच्या कॉम्प्युटरला खरा आकडा ठाऊक असतो. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत तो वाचण्याचे सॉकेट सक्तीचे आहे, आणि आपल्याकडच्या अलीकडच्या गाड्यांतही स्टिअरिंगखाली ते असते. त्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा वाचक खुपसला की पाण्याचे अंश दिसतात. ऑइलच्या दाबाचा आकडा मात्र पुष्कळदा तिथेही मिळत नाही, कारण इंजिनावर त्याचे बटणच तेवढे असते.

लोक मला विचारतात, मग कोणता मीटर घ्यावा? बाजारात मिळणारा तीन चकत्यांचा संच, अँपिअर, ऑइल, पाणी, दिसायला झकास असतो. त्यातला अँपिअर मीटर मी काढून टाकायला सांगतो. जुन्या जनरेटरच्या काळात तो ठीक होता. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून मोटारीत अल्टरनेटर रुळू लागला आणि प्रवाह वाढत गेले. तो सगळा प्रवाह जाड वायरीने डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यायचा म्हणजे एक ढिले टर्मिनलही आग लावू शकते. त्यापेक्षा व्होल्टमीटर. इंजिन बंद असताना साडेबारा, चालू असताना चौदाच्या अलीकडे-पलीकडे. तेराच्या खाली रेंगाळू लागला तर बेल्ट नाहीतर अल्टरनेटर बघा.

व्हॅक्यूम मीटर हे माझे वैयक्तिक लाड आहेत. पेट्रोल इंजिनात तो जे सांगतो ते डॉक्टरने नाडी धरावी तसे असते: काटा सतरा ते एकवीस इंचांवर स्थिर, तर तब्येत चांगली, ठराविक लयीत थरथरला तर एखादा व्हॉल्व्ह गळतोय. पण हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे महाबळेश्वरला चार-साडेचार इंच. एका गृहस्थांनी तिथल्या मुक्कामात काटा पाहून इंजिन उघडायला काढले होते. डिझेलला हा मीटर बसवू नये. तिथे मोजण्यासारखी पोकळीच नसते.

आकडाही एकटा पुरत नाही. मॉडेल टीच्या उघड्या रेडिएटरमध्ये शंभर म्हणजे उकळी. आजच्या तेरा पौंडी झाकणाखाली पाणी एकशे अठरा-वीसपर्यंत तग धरते, म्हणून एकशे पाचला घाबरू नये. पण झाकणाचे रबर कुजले असेल, तर तोच आकडा घाबरण्याचा. मीटर घेण्याआधी झाकण बदला, असे मी काउंटरवर सांगतो. झाकण मीटरच्या एक दशांश किमतीला येते, म्हणून आमच्या मालकांना हा सल्ला आवडत नाही.

आणि खंबाटकीचे काय? पाण्यातला सेन्सर कितीही उत्तम घेतला तरी पाणी गेल्यावर तो आंधळाच. यावर उपाय विमानाच्या आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनांनी आधीच काढला होता. सेन्सर पाण्यात ठेवायचाच नाही, वॉशरसारखा गोल करून थेट हेडच्या धातूवर आवळायचा. धातूला गळती नसते. फोर्डने पुढे काही इंजिनांत कंपनीतूनच असे सेन्सर दिले. मी माझ्या आत्ताच्या गाडीत असा एक वॉशरवाला सेन्सर हेडच्या बोल्टखाली बसवला आहे. त्याचा मीटर वर, पाण्याचा खाली. दोन्ही चकत्या मी थोड्या फिरवून बसवल्या आहेत. शर्यतीच्या गाड्यांची ही जुनी रीत: सगळे ठीक असताना काटे सरळ आभाळाकडे बघतात, वाकडा झाला की आकडा न वाचताही कळते.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या तपासणीहून परतताना त्याच घाटात त्यांनी डोळे मिटूनच विचारले, "किती झालं?"

"एकशे चार."

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "पाण्याचं का लोखंडाचं?"