छायाचित्रांतील बालक्रीडा

१८३९ सालीं छायाचित्रण जगापुढें आलें तेव्हां हालचालीशीं त्याचें वैर होतें. तसबीर काढविणारा मानेमागें लोखंडी टेकू घेऊन निश्चल बसे. मुद्रा गंभीर दिसे यांत नवल तें काय! पुढें निमिषार्धांत प्रतिमा उमटविणाऱ्या कोरड्या कांचा निघाल्या, आणि हास्यविनोदास वाव मिळाला.

पॅरिसनजीक १८९४ सालीं सधन घरीं जन्मलेल्या झाक आंरी लार्तिग यास, तो सात-आठ वर्षांचा असतांना, वडिलांनीं कॅमेरा दिला. सुखाचे दिवस विसरले जातील, ही त्या नाजूक प्रकृतीच्या मुलास मोठी धास्ती! म्हणून पायऱ्यांवरून हवेंत झेपावलेली नात्यांतली बहीण बिशोनाद (१९०५), थोरल्या भावानें घरींच बांधलेलें ग्लायडर, पाण्यांत उडी घेणारे आप्त, हेंच तो टिपी. त्या काळच्या फ्रान्सचें जिवंतपण थोरामोठ्यांच्या दरबारी तसबिरींहून येथेंच अधिक आढळतें.

पुढें लार्तिग स्वतःस चित्रकार म्हणवीत. तसबिरी बहुतांशीं घरच्या आल्बमांतच राहिल्या. पोरखेळाची किंमत जाणत्यांस उशिरांच कळली. १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें त्या मांडल्या, तेव्हां लार्तिग ६९ वर्षांचे होते. १९७९ सालीं त्यांनीं सारा संग्रह फ्रेंच सरकारास दिला. त्यांत ते लहानपणचे आल्बमही होते.