रिकाम्या चौकटींचे चित्रदालन

नेवा नदीच्या काठी, झारांच्या हिवाळी राजवाड्याला लागून, सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज हे जगद्विख्यात वस्तुसंग्रहालय उभे आहे. १७६४ साली सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने बर्लिनच्या एका व्यापाऱ्याकडून चित्रांचा मोठा संच घेतला, तेव्हापासून या संग्रहाचा आरंभ मानतात. प्रजेला मात्र त्याचे दर्शन दुर्लभच होते. १८५२ साली नवी इमारत बांधून तिची दारे लोकांसाठी उघडण्यात आली. पण ‘लोक’ याचा अर्थ त्या काळी असा होता, की ज्यांना दरबारच्या कचेरीतून परवाना मिळे आणि ज्यांच्या अंगावर गणवेश अथवा दरबारी थाटाचा कोट असे, ते! पुढे काही वर्षांनी ही अट सुटली.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर स्वारी केली, तेव्हा या नगरीचे नाव लेनिनग्राद होते. संग्रहालयाचे प्रमुख इओसिफ ओर्बेली हे पौर्वात्य विद्येचे गाढे पंडित. त्यांच्या देखरेखीखाली रात्रंदिवस पेट्या भरण्याचे काम चालले. जुलैमध्ये दोन आगगाड्या उरल पर्वताकडील स्वेर्दलोव्स्क शहरी रवाना झाल्या. पहिलीत सुमारे ५ लाख वस्तू होत्या, दुसरीत सुमारे ७ लाख. तिसरीची तयारी चालू असतानाच वाट बंद झाली आणि ८ सप्टेंबरला शहराला पूर्ण वेढा पडला. चित्रे काढून नेली होती. चौकटी मात्र भिंतींवर जागच्या जागी टांगलेल्या ठेवल्या होत्या.

त्या हिवाळ्याचे वर्णन करताना लेखणी अडखळते. कारकून व आश्रित यांच्या वाट्याला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येई. राजवाड्याच्या तळघरांत सुमारे २,००० माणसे आश्रयाला होती. चित्रांच्या डागडुजीसाठी साठविलेले जवसाचे तेल आणि सुताराचा सरस हेच तेथील पंडितांचे अन्न झाले. अशा डिसेंबरात ओर्बेलींनी काय केले? मध्य आशियातील कवी अलीशेर नवाई याची पाचशेवी जयंती साजरी केली! उपाशी माणसांनी गोठलेल्या दालनात बसून व्याख्याने व काव्ये ऐकली. विजेचा पुरवठा नेवेत नांगरलेल्या एका जहाजावरून केला होता. या सभेत नवाईची भाषांतरे वाचणारे निकोलाय लेबेदेव थोड्याच दिवसांत उपासमारीने मरण पावले. असल्या उत्सवाला कोणी वेडेपणा म्हणेल. त्या माणसांना तो वेडेपणा वाटला नाही, एवढे खरे.

१९४२ च्या वसंतात बर्फ वितळले. तोफांच्या माऱ्याने फुटलेल्या तावदानांतून ओल आत आली होती; जमिनीवर काचांचा आणि वाळूचा खच पडला होता. अर्धमेल्या कर्मचाऱ्यांच्याने तो उपसणे शक्य नव्हते. तेव्हा सैनिकी शाळेतील काही तरुण मदतीला धाडण्यात आले. त्यांनी दालने झाडून काढली. त्यांचे उपकार कसे फेडावे? द्यायला भाकरीचा तुकडा नव्हता. संग्रहालयातील पावेल गुब्चेव्स्की यांनी त्यांना चित्रे दाखविण्याचे ठरविले.

मग ती विलक्षण फेरी सुरू झाली. धुळीने माखलेले ते तरुण एकेका रिकाम्या चौकटीपुढे उभे राहत आणि गुब्चेव्स्की आठवणीतून चित्र सांगत: आकृती कोणती, ती कोठे उभी आहे, तिच्यावर कोणत्या बाजूने प्रकाश पडला आहे. वर्षानुवर्षे रोज पाहिलेली ती चित्रे त्यांना तोंडपाठ होती. श्रोत्यांत बहुतेक सायबेरियातील खेडुतांची मुले होती. त्यांनी पूर्वी असले दालन पाहिलेले नव्हते. थोड्याच दिवसांत ती आघाडीवर जावयाची होती. त्यांना ना परवाना विचारला गेला, ना पोशाख.

२७ जानेवारी १९४४ रोजी वेढा उठला. १९४५ च्या ऑक्टोबरात पेट्या परतल्या. कोणते चित्र कोठे लावावयाचे हा शोध घेण्याचे फारसे कारण पडले नाही. चौकटी वाट पाहत जागेवरच होत्या. नोव्हेंबरात दालने पुन्हा खुली झाली.