पोटासाठी सीमेपार

सुट्टीत भारतात आलो की दातांची कामं उरकून घ्यायची, हा आम्हा परदेशस्थांचा जुना उद्योग. अमेरिकन माणसाला असं 'माहेर' नसतं. त्याच्यासाठी तिहुआना आहे. सॅन दिएगोच्या दक्षिणेला सॅन इसिद्रोचा नाका ओलांडला की मेक्सिकोतलं हे शहर लागतं.

अमेरिकेत जे मिळत नाही किंवा परवडत नाही, ते विकणं हा या शहराचा जुना धंदा. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात लोक इथे प्यायला येत. १९६०च्या दशकापासून कॅन्सरचे रोगी येऊ लागले, जर्दाळूच्या बियांमधल्या द्रव्यापासून बनवलेल्या 'लेट्रिल'साठी. हे औषध निरुपयोगी होतं आणि अमेरिकेत त्याला मान्यता नव्हती.

पोटाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट मात्र वेगळी. ही विद्या खरी, आणि तिचा बराचसा पाया अमेरिकेतच घातला गेला. आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपास सुरू केली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने निकष ठरवले: बीएमआय ४० च्या वर, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर ३५ च्या वर. विमा कंपन्यांनी हेच आकडे धरले. अनेक पॉलिसींमध्ये तर ही शस्त्रक्रिया बसतच नाही. मग खिशातून पंधरा-पंचवीस हजार डॉलर घाला, नाहीतर सीमेपलीकडे चार-सहा हजारांत काम करून घ्या.

पोटाला आवळून बसवायच्या पट्ट्याला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. त्याआधीच लोक तो मेक्सिकोत बसवून घेत होते. पण हा पट्टा अधूनमधून सैल-घट्ट करावा लागतो, आणि परक्या डॉक्टरने बसवलेल्या पट्ट्याला हात लावायला घरचे डॉक्टर बिचकत. पुढे 'स्लीव्ह'चा जमाना आला. यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. शिवणीतून गळती झाली तर ती कधीकधी रोगी घरी परतल्यावर उघडकीला येते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या तर जन्मभराच्या.

२०१९ मध्ये सीडीसीने इशारा दिला. तिहुआनात शस्त्रक्रिया करून आलेल्या काही अमेरिकनांना बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जीवाणूची लागण झाली होती. त्यातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया वजन कमी करण्याचीच होती.

याचा अर्थ तिथले सर्जन वाईट, असा नाही. अनेकजण उत्तम आहेत, आणि मधुमेह आटोक्यात आलेली, पुन्हा जिने चढू लागलेली माणसं मी पाहिली आहेत. पण यंत्र विकत घेताना आम्ही इंजिनियर पहिला प्रश्न विचारतो, बिघडलं तर सर्व्हिसला कोण येणार? तिहुआनाच्या बिलात शस्त्रक्रिया असते, हॉटेल असतं, गाडीही असते. पुढची तीस वर्षं त्या बिलात नसतात. ती घरच्या डॉक्टरकडेच काढायची असतात. तेव्हा नाका ओलांडण्यापूर्वी आधी त्याला गाठावं, आणि पुढचं सगळं बघशील का, हे विचारून घ्यावं.