अर्धवेळ अग्निशमन जवान : तासांची मर्यादा आणि रोजगाराच्या संधी

आगीची वर्दी येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ कामाचा मानायचा की विश्रांतीचा, या प्रश्नाच्या उत्तरावर युरोपातील असंख्य अर्धवेळ अग्निशमन जवानांचे वेतन, त्यांची सुटी आणि दुसरा व्यवसाय करण्याची मुभा अवलंबून आहे. भारतातील अग्निशमन दले मुख्यतः पूर्णवेळ कर्मचाऱ्यांवर चालत असल्याने ही व्यवस्था येथे फारशी परिचित नाही. आयर्लंड किंवा ब्रिटनमधील लहान गावांत मात्र अग्निशमन केंद्र बहुतेक वेळ बंद असते. पेजर वाजताच सुतार, दुकानदार, शेतकरी, टॅक्सीचालक असे स्थानिक रहिवासी हातातले काम टाकून केंद्रावर धावतात आणि बंब बाहेर काढतात. अशा जवानांना ‘रिटेन्ड’, तर अलीकडे ‘ऑन-कॉल’ असे म्हटले जाते.

त्यांचा मोबदला अनेक भागांत विभागलेला असतो. उपलब्ध राहण्याबद्दल वर्षाला ठरावीक रक्कम मिळते; वर्दीवर जाणे आणि साप्ताहिक सराव यांचे पैसे वेगळे मिळतात. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ लागू असलेल्या नियमांनुसार आठवड्याला १२० तास किंवा त्याहून अधिक काळ उपलब्ध राहणाऱ्या जवानास पूर्णवेळ जवानाच्या मूळ वार्षिक वेतनाच्या १० टक्के रक्कम उपलब्धता-मानधन म्हणून मिळत असे. आठवड्याचे एकूण तास १६८ आहेत, हे लक्षात घेतले की ‘अर्धवेळ’ हा शब्द किती फसवा आहे ते कळते.

युरोपीय संघाच्या २००३ च्या कार्यकाळ निर्देशानुसार कामाचे तास आठवड्याला सरासरी ४८ हून अधिक असू नयेत आणि दररोज सलग ११ तास विश्रांती मिळावी. या निर्देशात कार्यकाळ आणि विश्रांती असे दोनच प्रकार आहेत, मधली अवस्था नाही. घरी बसून वर्दीची वाट पाहणारा जवान यांपैकी कोणत्या रकान्यात बसतो, याचा निर्णय अखेर न्यायालयालाच करावा लागला.

पहिला महत्त्वाचा खटला बेल्जियममधील नीव्हेल या शहराचा. तेथील एका स्वयंसेवी जवानाने घरी घालवलेल्या प्रतीक्षाकाळाची भरपाई मागितली होती. बोलावणे येताच आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचण्याचे बंधन त्याच्यावर होते. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. ‘स्वयंसेवी’ या नावामुळे जवान कामगार ठरण्यापासून वंचित होत नाही. आणि नियोक्त्याने ठरवलेल्या ठिकाणी राहून आठ मिनिटांत हजर होण्याचे बंधन असेल, तर तो काळ कार्यकाळच होय, कारण त्या अवधीत माणसाला स्वतःचे असे काही करण्यास जवळपास वाव राहत नाही. या तासांचे दर किती असावेत, हा विषय मात्र न्यायालयाने प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोपवला. वेतन आणि कार्यकाळ यांची ही फारकत अनेकदा दुर्लक्षित राहते.

दुसरा खटला डब्लिनचा. तेथील रिटेन्ड जवान स्वतःच्या हिमतीवर टॅक्सी चालवत असे. वर्दी आल्यावर त्याने शक्यतो पाच आणि जास्तीत जास्त दहा मिनिटांत पोहोचायचे होते. पण ठरावीक जागी थांबण्याची सक्ती नव्हती, आणि सर्व नव्हे तर ७५ टक्के वर्दींना हजर राहणे पुरेसे होते. ११ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने अशा परिस्थितीतील प्रतीक्षाकाळ कार्यकाळ ठरत नसल्याचे सांगितले; वस्तुस्थितीची अंतिम पडताळणी आयर्लंडमधील न्यायसंस्थेने करायची होती. मिनिटांचा आकडा एकटा निर्णायक नसून बंधनांचा एकत्रित भार पाहावा, असा या निकालाचा रोख आहे.

या टॅक्सीचालकाच्या बाबतीत तासांच्या मर्यादेची दुसरी बाजूही दिसते. आयर्लंडच्या १९९७ च्या कायद्यानुसार एकाहून अधिक नियोक्त्यांकडील तास एकत्र मोजले जातात. प्रतीक्षेचे सगळे तास कार्यकाळात धरले, तर ४८ ची मर्यादा दोन दिवसांतच संपेल आणि अन्यत्र नोकरी करणाऱ्यांना ही सेवा करणेच अशक्य होईल. ते धरले नाहीत, तर जवान वर्षभर गावाशी बांधलेला राहतो. न्यायालयाने दिलेले उत्तर कायद्याच्या दृष्टीने सुसंगत आहे. जवानांच्या कुटुंबांचे समाधान त्याने झाले, असे म्हणता येत नाही. जून २०२३ मध्ये आयर्लंडच्या रिटेन्ड जवानांनी पुकारलेल्या संपात पगाराइतकाच खात्रीच्या सुटीचा मुद्दा पुढे होता. त्यानंतर उपलब्धता-मानधनात वाढ आणि अतिरिक्त भरती यांवर तोडगा निघाला.

फ्रान्सने निराळी वाट धरली आहे. तेथील बहुसंख्य जवान स्वयंसेवक असून, २०११ च्या कायद्याने त्यांची सेवा व्यावसायिक काम मानलेली नाही. नीव्हेलच्या निकालाने या भूमिकेवर प्रश्नचिन्ह उभे केले. अमेरिकेत पूर्णवेळ जवानांना २८ दिवसांत २१२ तासांनंतर जादा कामाचा मोबदला देण्याची विशेष तरतूद आहे. तेथील आरोग्यविमा कायद्यात आठवड्याला ३० तास काम करणारा कर्मचारी पूर्णवेळ ठरतो आणि मोठ्या नियोक्त्यावर विम्याची जबाबदारी येते. स्वयंसेवकांचे तास २०१४ च्या नियमांनी यातून वगळले. पगारी अर्धवेळ जवानांचे नाही. त्यामुळे त्यांचे तास ३० च्या आत ठेवण्याकडे नगरपालिकांचा कल राहतो.

हक्कांच्या लढाईत ब्रिटनमधील जवानांनी बरीच मजल मारली. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या २००६ च्या निकालाने रिटेन्ड जवानांची पूर्णवेळ सहकाऱ्यांशी तुलना करण्याची वाट मोकळी केली आणि पुढे त्यांना निवृत्तिवेतन योजनेत स्थान मिळाले. २००० पूर्वीच्या सेवेचा प्रश्न सुटला तो मात्र एका अर्धवेळ न्यायाधीशाने लढवलेल्या खटल्यामुळे.

भरतीसाठी पदवीपेक्षा पत्ता महत्त्वाचा ठरतो. उमेदवाराचे घर किंवा कामाचे ठिकाण केंद्रापासून काही मिनिटांवर असावे लागते. वय १८ वर्षे पूर्ण असणे, शारीरिक क्षमता आणि प्राथमिक प्रशिक्षण या अटी त्यानंतर येतात. अन्यत्र नोकरीस असलेल्यांना मालकाची संमती मिळवावी लागते, आणि अनेकांचे घोडे तेथेच अडते. पूर्णवेळ भरतीत हा अनुभव उपयोगी पडतो, पण तो थेट प्रवेश देतोच असे नाही. सर्वाधिक टंचाई दिवसा असते, कारण खेड्यांतील कामकरी लोक सकाळी शहरांकडे जातात. म्हणूनच घरून काम करणारे, स्वयंरोजगारी आणि लहान मुलांचे पालक यांच्याकडे ब्रिटनमधील दले आता वळली असून, पूर्ण आठवड्याऐवजी केवळ दिवसाच्या ठरावीक तासांचे करारही देऊ केले जात आहेत.