साहेबाचा चाकू, सांबराची मूठ

हिंगोलीत एकेकाळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली. तिथल्या साहेबाच्या खिशात शेफिल्डचा घडीचा चाकू असला, तर त्यात नवल नव्हतं. पातं अस्सल विलायती. पण मूठ?

श्रीमंतांच्या चाकूला हस्तिदंत किंवा शिंपला, स्वस्त चाकूला गुरांचं हाड. आणि रानात वापरायच्या चाकूला खरखरीत सांबरशिंग, कारण ते ओल्या हातातून निसटत नाही. हे शिंग हिंदुस्थानातून जहाजाने शेफिल्डला जायचं. म्हणजे इथलंच शिंग पातं लावून ‘इम्पोर्टेड’ होऊन परत यायचं आणि आपण त्याला विलायती म्हणून मिरवायचो!

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. नंतर सांबराच्या गळून पडलेल्या शिंगांच्या व्यापारावरही बंदी आली, आणि ते बरंच झालं.

आज परवडणारा परदेशी चाकू म्हटलं की फ्रान्सचा ओपिनेल. १८९० पासूनचा, बीचच्या लाकडी मुठीचा. दिसायला देखणा, पण मूठ भिजली की लाकूड फुगतं आणि पातं बाहेर निघता निघत नाही. आपल्याकडचा बाभळीच्या मुठीचा विळा भर पावसातही चालतो. त्याला घडीच नसते.