शिवकालीन नव्हे, आजीकालीन

राजगडाच्या पायथ्याला घर असलं की एक गंमत होते. घरातली कुठलीही जुनी वस्तू शिवकालीन ठरते! गुंजवण्यातून चोरदरवाज्याच्या वाटेला लागणारे ट्रेकर पाणी प्यायला ओसरीवर टेकतात. जातं, खुंटीवरचा कंदील, कोपऱ्यातली पायली बघतात आणि विचारतात, "काका, हे महाराजांच्या वेळचं का हो?" काकाही मोठ्या मनाने "असंल की" म्हणतात. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

आता कंदिलाचंच घ्या. कंदील जळतो रॉकेलवर, आणि रॉकेल आपल्याकडे आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी पणती, समई, लामणदिवा, भिंतीतली दिवळी असा तेल-वातीचा कारभार. त्यातून कंदील ओगलेवाडीचा 'प्रभाकर' असेल तर तो सरळ विसाव्या शतकातला. कऱ्हाडजवळच्या ओगले बंधूंच्या कारखान्याने स्वदेशीच्या जोरावर काढलेला. म्हणजे महाराजांच्या काळापासून अडीचशे वर्षं अलीकडचा. पण म्हणून तो कमी मोलाचा आहे का? माझं म्हणणं असं की नाही. आणि आज जे लिहायला बसलोय ते याच कारणासाठी.

होतं काय, की 'शिवकालीन' हा एकच शिक्का आपल्याला ठाऊक आहे. तो बसला तर वस्तू अनमोल, नाही बसला तर मोड. मधल्या तीनशे वर्षांना भावच नाही. घर पाडून स्लॅब टाकायचा ठरला की हंडे, घंगाळं, परात एका पोत्यात जातात आणि किलोच्या भावाने मोडीत निघतात.

मग वय ओळखायचं कसं? फार शास्त्र लागत नाही. एकच नियम लक्षात ठेवायचा: वस्तू तिच्या सगळ्यात तरुण भागापेक्षा म्हातारी असू शकत नाही. (दुरुस्ती झाली असेल तर गोष्ट वेगळी, ते बघून घ्यायचं.)

लाकडाची पेटी घ्या. खिळे गोल, तारेचे असतील तर ते यंत्रावरचे, साधारण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतले. चौकोनी, ठोकून घडवलेले असतील तर लोहाराचे. पण आपल्या खेड्यांतले लोहार असे खिळे पुढेही कितीतरी वर्षं घडवत होते. म्हणून चौकोनी खिळा दिसला की लगेच पेशवाई गाठायची नाही. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर मात्र निर्धास्त सांगा, तो 1930 च्या दशकाच्या आधीचा नाही. पेटीच्या आतली बाजू, तळ, फळीची पाठ बघा. पुढून सगळेच रंधा मारून गुळगुळीत करतात, पाठीमागे सुतार खरं बोलतो.

भांड्यांचं वय सांगणं अवघड, कारण तांब्याचा आकार पिढ्यान् पिढ्या तोच. तरी हात फिरवून बघा. ठोक्याच्या भांड्यावर हातोडीच्या खुणा ओळीने लागतात. पुण्याच्या तांबट आळीत त्याला मठारकाम म्हणतात. जुन्या हंड्याला सांधा असतो, दोन पत्रे दात्यांत दाते घालून जोडलेले. आत कल्हईचा अंश असेल तर ते शिजवायचं भांडं, नुसतं पाणी भरायचं नव्हे.

मापांचं तर फारच सोपं. मापटं, शेर, अधोली, पायली ही आपली जुनी चढण, चार शेरांची एक पायली. दशमान मापांचा कायदा झाला 1956 मध्ये आणि पुढच्या काही वर्षांत लिटर-किलो घरोघर आले. मापावर शेर कोरलेला असेल तर ते बहुधा त्याआधीचं, लिटर असेल तर त्यानंतरचं. पैशांचंही तसंच. एखाद्या जुन्या वहीत हिशोब आणे-पैमध्ये असेल तर तो बहुतेक 1 एप्रिल 1957 च्या आधीचा.

कपबशी, इनॅमलची ताटली, चिनी मातीची बरणी उलटी करून बघा. 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर परदेशी मालावर देशाचं नाव घालायची पद्धत रूढ झाली. आणि देशही जन्मतात, मरतात! 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' असेल तर वस्तू 1918 नंतरची आणि 1992 च्या आतली. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर 1947 ते 1952. इतकी नेमकी तारीख तर माणसांचीही मिळत नाही. आमच्या आजीच्या पिढीचा जन्म "मोठ्या पुराच्या साली" किंवा "प्लेगात" असाच नोंदलेला.

कागद सापडला तर जपून. 'भोर संस्थान' असा छाप असेल तर तो 8 मार्च 1948 च्या आधीचा, कारण त्या दिवशी संस्थान विलीन झालं. राजगड-तोरण्याचा हा सगळा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानातच होता. नुसती बाळबोध चिठ्ठी असेल आणि 'घरांत', 'कां' असे डोक्यावर ठिपके दिसले, तर लिहिणारा 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी शाळेत गेलेला. शक दिला असेल तर त्यात 78 मिळवा, साधारण इसवी सन हाती येईल. मोडी असेल तर वाचता येत नाही म्हणून बंबात घालू नका. पुण्यात 1910 साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते असेच घरोघरचे कागद वाचवायला.

आता शिवराईबद्दल. शेत नांगरताना एखादं तांब्याचं नाणं मिळालं की गावभर होतं. पण शिवराई महाराजांनंतरही पाडली जात होती, थेट पेशवाईत आणि त्यानंतरही. पाठीवर दोन आडव्या दांड्या असलेली 'दुदांडी' ही बरीच उत्तरकाळातली. शिवाय जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं निघालं तर ते कलेक्टरला कळवावं लागतं, हा 1878 चा कायदा. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची ऐतिहासिक मोलाची वस्तू 'पुराणवस्तू' होते (हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात) आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी "आजीची समई पाठवा" म्हणण्याआधी वय मोजावं. :-)

असो. वय कळलं, मग किंमत?

बाजारात किंमत ठरते ती चार गोष्टींवर: किती जुनं, किती दुर्मिळ, किती धड आणि कुणाचं. पहिल्या तिन्हींत आमचा गुंजवण्याचा हंडा बहुधा मागेच राहील. असे हंडे घरोघर होते, आणि आमचा पोचलेलाही आहे. राहतं चौथं, आणि तिथे मात्र आपल्यासारखा जाणकार दुसरा नाही.

भांड्यांवर नावं कोरलेली असतात, ठिपक्या-ठिपक्यांनी. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधीकधी गाव आणि सालही. लग्नात माहेरहून आलेलं, डोहाळजेवणाला मिळालेलं. जरा विचार करा. जुन्या सातबारावर आपल्या पणज्यांची, आज्यांची नावं किती सापडतात? जमीन पुरुषांच्या नावे, घर पुरुषांच्या नावे. बाईचं नाव सापडतं ते परातीच्या काठावर. ती परात भट्टीत गेली की वितळतं ते नुसतं पितळ नाही, त्या बाईच्या नावाची बहुधा एकुलती एक लेखी नोंदही त्याबरोबर जाते.

ही गोष्ट एका माणसाला फार आधी कळली होती. दिनकर केळकर (1896-1990), 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे. 1920 च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली. तलवारी-राजमुकुटांमागे लागून थांबले नाहीत ते. त्यांनी अडकित्ते जमवले. दिवे, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्र्या, कुंकवाचे करंडे, कोरीव दरवाजे. लोक जे अडगळीत टाकत होते ते. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि पुढे वीस हजारांवर वस्तूंचा तो सगळा पसारा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. पुण्यातल्या राजा केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्त्यांपुढे उभे राहा. कुणी राजाने वापरले असतील-नसतील, पण कुणीतरी जेवणानंतर निवांत सुपारी कातरली, आणि त्या साध्या कामाच्या हत्यारालाही कारागिराने मोराची मान दिली.

आपल्या सगळ्यांना संग्रहालय काढायचं नाही, जमणारही नाही. कणगी फ्लॅटमध्ये मावत नाही हे मलाही कळतं. विकायचं असेल तर खुशाल विका, त्यात पाप नाही. माझी विनंती एवढीच की विकण्याआधी अर्धा तास द्या. फोटो काढा, नावावर तिरका उजेड पाडून जवळूनही एक. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की याला म्हणतात काय, यात काय करायचे, हे कुणाच्या लग्नात आलं. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. काथवट, उतरंड, इरलं, मापटं हे शब्दही त्या वस्तूंबरोबरच पोत्यात जातायत. आणि कृपा करून मशीनने चकचकीत पॉलिश करू नका. त्यात ठिपके पुसट होतात, आणि मग तांब्या खरोखरच नुसत्या वजनाचा उरतो.

देव्हाऱ्यातल्या टाकांनाही हेच लागू. टाक झिजले की विसर्जन करून नवे घडवायची रीत आहे. देव पिढ्यान् पिढ्यांचा, पत्रा कदाचित चाळीस वर्षांचा. जुना टाक बोळवण्याआधी त्याचाही एक फोटो असू द्या, देव रागावणार नाहीत.

दिवाळीला गावी जमणारच आहोत. माळ्यावरची भांडी तेव्हा एकदा खाली काढूया. कुणाच्या वाटणीला काय हे नंतर ठरवू, आधी कशावर कुणाचं नाव आहे ते वाचूया. चिंच मी आणतो. हलक्या हाताने घासायला मात्र चार जण लागतील.