दगडफूल : नाव एकाचं, घर दोघांचं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोडा मसाला घरी करणाऱ्या कुठल्याही बाईला दगडफूल ओळखता येतं. भांडुपच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात लवंग-दालचिनीच्या शेजारी ते ठेवलेलं असतं. काळपट, राखाडी, जळक्या कागदाच्या तुकड्यांसारखं. शंभर ग्रॅम घेतलं तरी पिशवी फुगते. आमच्या घरी ते बिर्याणीच्या मसाल्यात पडायचं आणि अम्मी त्याला पत्थरफूल म्हणायची. अत्तरवाले त्याला छडीला म्हणतात, कारण कनौजचं हिना अत्तर करताना ते लागतं. आयुर्वेदात ते शैलेय आणि युनानी हकिमांकडे उशना. एवढी नावं, आणि मौज अशी की ते फूल नाही, आणि बाजारात येणारं बरंचसं दगडावरचंही नसतं. हिमालयात आणि दक्षिणेतल्या डोंगरांत झाडांच्या सालीवरून ते खरवडून काढतात. एकाच पुडीत त्याच्या तीन-चार वेगवेगळ्या जाती सहज सापडतात.

या वर्गाला शास्त्रात लायकेन म्हणतात. मराठी परिभाषेत शैवाक. हकिमांचा उशना हा शब्द अरबी, आणि अठराव्या शतकात युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तोच उचलून दाढीसारख्या लोंबणाऱ्या एका शैवाकाच्या प्रजातीला ‘उस्निया’ हे नाव दिलं. लॅटिन कपडे घातलेला हा अरबी शब्द आजही जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत नांदतो आहे.

स्वीडनच्या लिनियसला शैवाकांचं फारसं कौतुक नव्हतं. वनस्पतींच्या राज्यातली ही सगळ्यांत दरिद्री कुळं, असं त्याने म्हणून ठेवलं. १७५३ च्या त्याच्या ग्रंथात सुमारे ऐंशी जातींना त्याने एकाच प्रजातीत कोंबलं. त्यांत भारतातून गेलेली एक जातही होती. त्याचाच विद्यार्थी एरिक अकारियस याने पुढे या कुळांचा नीट वाटणीपत्रक करून अभ्यास मांडला, म्हणून शैवाकशास्त्राचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात.

पण शैवाक म्हणजे नेमकं काय, हे अकारियसलाही ठाऊक नव्हतं. १८६७ मध्ये सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने सांगितलं की ही एक वनस्पती नव्हेच; बुरशी आणि शेवाळ अशा दोन जिवांचा हा एकत्र संसार आहे. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला घर, ओल आणि सावली देते. त्या काळच्या बड्या मंडळींना हे पचलं नाही. विल्यम नायलँडर हा पॅरिसमध्ये राहणारा फिनिश पंडित तर शेवटपर्यंत विरोधात राहिला.

या जोडीवरून ऐक्याचा सुविचार काढायचा मोह कुणालाही होईल. मुसलमान माणूस मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर त्याने सहजीवनावर चार शब्द बोलावेत, अशी लोकांची अपेक्षाही असते. मात्र श्वेंडेनरने स्वतः दिलेली उपमा प्रेमाच्या संसाराची नव्हती. बुरशी मालक आणि शेवाळ तिचे गुलाम, असं त्याचं म्हणणं. हा संसार कुणाच्या फायद्याचा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. २०१६ मध्ये काही शैवाकांत एक तिसरा भाडेकरूही सापडला, दुसऱ्या गटातली यीस्टसारखी बुरशी.

नावाच्या बाबतीत मात्र नियम स्पष्ट आहे. शैवाकाला दिलेलं शास्त्रीय नाव कायद्याने फक्त बुरशीचं असतं. शेवाळाचं नाव वेगळं, ते दारावरच्या पाटीवर येत नाही. आपल्याकडच्या किती घरांवर अशाच पाट्या आहेत, ते तुम्हीच आठवून पाहा. मराठीत शैवाक हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याला मी म्हणूनच मानतो. शैवल आणि कवक, दोघांचेही आवाज त्यात ऐकू येतात.

आपल्या देशात या अभ्यासाला उशिरा सुरुवात झाली. इंग्रज आणि फ्रेंच प्रवाशांनी जमवलेले नमुने युरोपात जात आणि त्यांची नावं तिकडेच ठरत. १९२८ च्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या कार्यवृत्तात पश्चिम हिमालयातल्या शैवाकांवर कुरेशी नावाच्या अभ्यासकाचं छोटं टिपण आहे. १९३४ मध्ये लाहोरच्या चोप्रांनी दार्जिलिंग-सिक्कीमच्या शैवाकांवर पुस्तक काढलं. खरी घडी बसवली ती लखनौच्या धरणीधर अवस्थींनी. भारत, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या शैवाकांची त्यांची सूची १९६५ ची आहे. १९७८ मध्ये एसलिंगर या अमेरिकन अभ्यासकाने उंच हिमालयातल्या एका शैवाकाची नवी प्रजातीच अवस्थींच्या नावाने केली, ‘अवस्थिया’.

महाराष्ट्रात हे काम झालं पुण्यात. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९११ मध्ये पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला होता. ते पुढे कलकत्त्याला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली तेव्हा तिचे पहिले संचालक. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. ती आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर, त्यामुळे आघारकर आणि आगरकर यांची गल्लत करणारे पुण्यातही कमी नाहीत.

इथे पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या शैवाकांची मोजदाद हाती घेतली. त्यांचं लक्ष विशेषतः गेलं ते सालीला चिकटून बसणाऱ्या ‘ग्राफिडेसी’ कुळाकडे. माझ्यासारख्या माणसाला हे कुळ जवळचं वाटणारच. पांढरट सालीवर काळ्या, वाकड्यातिकड्या रेघा. कुणी बोरू फिरवून अक्षरं काढली आहेत आणि वाचणारा मात्र गेला, असं वाटतं. ‘ग्राफिस’ हे नावही लिहिण्यावरूनच आलं आहे.

या रेघा वाचायची रीत अशी. रेघ पात्याने उभी कापायची, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. बीजाणू रंगहीन आहेत की तपकिरी? त्यांत नुसत्या आडव्या भिंती आहेत, की विटांच्या बांधकामासारख्या आडव्या-उभ्या दोन्ही? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर जुन्या पद्धतीने चार प्रजाती ठरत. मग रसायनं. कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की कुठे पिवळं, कुठे पिवळ्याचं लाल. ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने वेगळे रंग. ही युक्ती त्याच नायलँडरची, १८६६ ची. पॅरिसच्या बागांतली शैवाकं शहराची हवा कशी आहे ते सांगतात, हेही त्याने त्याच वर्षी लिहिलं. आमच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाताना झाडांच्या खोडांकडे पाहिलं की हा हट्टी माणूस मला आठवतो.

इतकं करूनही जात नवीन ठरत नाही. आजवर ज्या ज्या जातींना नावं दिली गेली त्यांतली ही नव्हे, हे दाखवावं लागतं. जगात सुमारे वीस हजार शैवाकं, भारतात अडीच हजारांहून अधिक. वर्णन लॅटिनमध्ये लिहायचं. १९३५ पासून २०११ अखेर ही अट होती. म्हणून पटवर्धन आणि सी. आर. कुलकर्णी यांनी १९७९ मध्ये पश्चिम घाटातल्या ग्राफिडेसीच्या नव्या जाती नॉर्वेच्या नियतकालिकात जाहीर केल्या, तेव्हा सह्याद्रीतल्या झाडाच्या सालीवरची ती अक्षरं लॅटिनमध्ये उतरवावी लागली. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

पुढे २००२ मध्ये बेटिना स्टायगर या जर्मन संशोधिकेने ती चार प्रजातींची जुनी मांडणीच मोडली. नुसत्या बीजाणूंवर नाती ठरत नाहीत, असं तिने दाखवलं. पुण्यातल्या मंडळींना आपल्याच कपाटांतली पाकिटं पुन्हा उघडावी लागली. उर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नव्या मांडणीप्रमाणे भारतातल्या काही जातींचं वर्णन केलं. २००९ आणि २०११ मध्ये चितळे, माखिजा आणि शर्मा यांनी महाराष्ट्रातल्या ग्राफिसच्या आणखी जाती नोंदवल्या. नावं बदलली, पाकिटं तीच राहिली. अशा संग्रहाकडे पैसे मागायला येणारं खातं म्हणून पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सालीवरच्या शैवाकाचं एक बरं असतं, की ते जागचं हलत नाही. उंच डोंगरावर उघड्या मातीत वाढणाऱ्यांची गोष्ट अधिक अवघड. ‘थॅम्नोलिया’ हे त्यांतलं एक. वृक्षरेषेच्या वर, हिमालयातही, ते पांढऱ्या पोकळ अळ्यांसारखं मातीवर पडलेलं असतं. त्याला फळं येताना कुणी पाहिलेली नाहीत; तुकडा मोडतो, वाऱ्याने जातो आणि तिथे वाढतो. १७८१ मध्ये स्वार्ट्‌झने त्याचं वर्णन केलं. नंतर लक्षात आलं की डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे नमुने अतिनील दिव्याखाली वेगळे वागतात. काही उजळतात, काही काळेच राहतात, कारण आतली आम्लं वेगळी. तेव्हा यांच्या जाती दोन, असं बरीच वर्षं पुष्कळांनी धरलं.

२०१८ मध्ये स्वीडनच्या ओनुत्स-ब्रान्स्ट्रोम, योहानेसोन आणि टिबेल यांनी जगभरच्या नमुन्यांची जनुकं तपासली. जाती निघाल्या तीन, आणि त्या दिव्याच्या उजेडाप्रमाणे विभागलेल्या नव्हत्या. एक फक्त आल्प्स, टाट्रा आणि पश्चिम कार्पेथियन डोंगरांत. दुसरी जगभर, आणि तिच्यात दोन्ही प्रकारची आम्लं. तिसरीला त्यांनी नवं नाव दिलं, ‘थॅम्नोलिया टुंड्री’. ती युरेशियाच्या उत्तरेकडच्या गोठलेल्या पठारांवर आणि अलूशियन बेटांपर्यंत आढळते. गेल्या हिमयुगात किनाऱ्यालगतच्या बर्फ नसलेल्या जागी ती तगून राहिली असावी, असा त्यांचा अंदाज. नवी जात सापडली ती अशी, डोळ्यांना काहीही नवं न दिसता. त्यासाठी जुन्या नावांचे मूळ नमुनेही तपासावे लागले. ते कुणीतरी जपून ठेवले होते म्हणून हाताला लागले.

मातीवरच्या शैवाकांचे धागे मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. काहींच्या अंगातले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून मातीत आणतात. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, आणि बूट एका पावलात पपडी मोडतो. सड्यांवर फुलं पाहायला येणारी गर्दी जिथे उभी राहून फोटो काढते, ती जमीन तिला मोकळी वाटते, कारण तिच्यावर फूल नसतं. त्या पपडीत काय आहे याची यादी करायची तर गुडघ्यावर बसून, भिंग घेऊन, एकेक वीत पाहावी लागते. नाव नसलेली जात तिथून नाहीशी झाली तर कोणत्याही नोंदवहीत तसं लिहिता येणार नाही.

असा नमुना गोळा करतानाही माती झटकायची नसते. ती झटकली की शैवाकाचा भुगा होतो. म्हणून खालची मातीची चकती सुरीने अलगद उचलतात, सावलीत वाळवतात, खालून पातळ डिंक पाजून जाड पुठ्ठ्यावर बसवतात आणि पाकिटात घालतात. वर लिहायचं ते ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि कशावर वाढलं होतं : मातीवर.